पॅरासिटामॉलने ताप उतरतो, मग भूक का परतत नाही?

रानजाई

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींसाठी तापाच्या रुग्णाच्या शुश्रूषेवर टिपण तयार करते आहे. पुस्तकात ताप कसा चढतो ते दोन ओळींत उरकलंय. भूक का जाते याला तर एकच वाक्य आहे, ‘रुग्णास अन्नाची इच्छा राहत नाही.’ मुली हमखास विचारतील अशा तीन गोष्टींवर अडले आहे.

गोळी दिल्यावर तासाभरात १०३ चा ताप १०१ वर येतो, घाम फुटतो, माणूस उठून बसतो. पण ताट पुढे केलं की तोंड फिरवतो. ताप आणि भूक दोन्हींची सूत्रं मेंदूत, दोन्हींमागे तोच दाह (इन्फ्लमेशन). मग एक सुटतं आणि दुसरं अडकून का राहतं?

ताप चढताना हातपाय गार आणि कपाळ चटका बसेल इतकं गरम, असं का होतं? त्या वेळी घरचं एक माणूस गोधडी घालतं आणि दुसरं गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतं. बरोबर कोण?

आणि खायला घालावं की लंघन करावं? आजी लंघन सांगते, आहारतज्ज्ञ प्रथिनं सांगतात.

मात्रा आणि आकडे नेमके मिळाले तर फार बरं होईल. मुली उद्या वॉर्डात हेच करणार आहेत.

---

सांजवात

रानजाई ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो, त्याच्या पुढच्या टोकाला प्रीऑप्टिक भाग असतो. तिथल्या काही चेतापेशी एरवी रात्रंदिवस एकच काम करतात: खाली मेंदूस्तंभात राफे पॅलिडस नावाचं केंद्र आहे, ते दाबून धरायचं. हे केंद्र मोकळं सुटलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरू लागतात आणि तपकिरी चरबी जळून उष्णता तयार होते (तान्ह्या बाळांत ही चरबी भरपूर, मोठ्यांत थोडी). म्हणजे अंग तापवायची भट्टी कायम पेटती आहे, फक्त तिच्यावर झाकण आहे.

जंतू शरीरात शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही सायटोकाइन्स, म्हणजे निरोप पोचवणारी प्रथिनं, सोडतात. हे रेणू मोठे असल्याने त्यांना मेंदूत सहज शिरता येत नाही. त्यांचा निरोप पोचतो मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना. त्या कॉक्स-२ आणि मायक्रोसोमल पीजीई सिंथेज-१ ही दोन एन्झाइम्स बनवतात, आणि या दोघांच्या हातून अरॅकिडोनिक आम्लाचं प्रोस्टाग्लँडिन ई-२, म्हणजे पीजीई-२, होतं. हा रेणू लहान आणि स्निग्ध असल्याने आत पाझरतो. प्रीऑप्टिक पेशींवर ईपी-३ नावाचा रिसेप्टर, म्हणजे रेणू येऊन बसायची जागा, असते. त्यावर पीजीई-२ बसलं की त्या पेशी मंदावतात, झाकण उचललं जातं आणि भट्टी भडकते.

मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगा. तापात मेंदूचं नियंत्रण सुटलेलं नसतं, त्याने नेम वर नेलेला असतो. ३७ अंश सेल्सिअसच्या जागी ३९.५ हा नवा नेम ठरला, आणि रक्त अजून ३७.५ वर आहे. मेंदूच्या हिशेबी हे शरीर गारठलेलं आहे. म्हणून तो हातापायांच्या त्वचेतलं रक्त आत ओढतो आणि थंडी वाजवतो. बोटं गार पडतात, नखं फिकट दिसतात, आणि त्याच वेळी धड आणि डोकं तापत असतं. औषधाने किंवा आपसूक नेम खाली आला की उलटं घडतं: रक्त त्वचेकडे येतं, चेहरा लालसर होतो, घाम सुटतो.

गोधडी की पट्टी, याचं उत्तर आता सरळ आहे. थंडी वाजत असताना हलकं पांघरूण द्या. जाड गोधड्यांचा थर नको, पण उघडंही पाडू नका. गार पाण्याच्या पट्ट्या या वेळी ठेवल्या तर मेंदू आणखी जोराने हुडहुडी भरवतो. हुडहुडीत प्राणवायूचा खप खूप वाढतो आणि अशक्त हृदयाच्या माणसाला तो झेपत नाही. पुसायचंच असेल तर औषध दिल्यावर अर्धा-पाऊण तास थांबून, थंडी ओसरल्यावर, कोमट पाण्याने पुसा. बर्फ नको आणि स्पिरिट तर अजिबात नको. घाम फुटला की पांघरूण काढा, ओले कपडे बदला.

या साखळीचे पुरावे भक्कम आहेत. १९७० साली मिल्टन आणि वेंडलँड यांनी मांजरांच्या मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीत प्रोस्टाग्लँडिन ई-१ टोचलं तर लगेच ताप चढला. पॅरासिटामॉलने तो उतरला नाही, कारण पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, पण तयार झालेल्याचं ते काही करू शकत नाही. पुढच्याच वर्षी जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवतं हे दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे. १९९८ मध्ये ईपी-३ रिसेप्टर नसलेल्या उंदरांना जंतूंचं विष टोचूनही ताप आला नाही. २००७ मध्ये हा रिसेप्टर फक्त प्रीऑप्टिक भागातल्या मध्यरेषेवरच्या छोट्याशा केंद्रातून काढला, तरी ताप नाहीसा झाला. इतक्या मोठ्या शारीरिक घटनेचं दार एवढ्याशा जागेत असावं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. तापाला मुख्य दार हे एकच आहे, आणि पॅरासिटामॉल नेमकं त्याच दाराशी उभं राहतं. भुकेला दारं अनेक आहेत. त्यावर गवतीचहा यांनी लिहावं, त्यांचा तो विषय आहे.

---

गवतीचहा

लिहिते. रानजाई, आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. हायपोथॅलॅमसच्या तळाशी आर्क्युएट केंद्र आहे. तिथे दोन गट शेजारी-शेजारी राहतात. एजीआरपी पेशी ‘खा’ म्हणतात आणि पीओएमसी पेशी ‘पुरे’ म्हणतात. पीओएमसी पेशी अल्फा-एमएसएच नावाचा रेणू सोडतात, तो एमसी-४ रिसेप्टरवर बसतो आणि भूक मिटते. एरवी उपाशी माणसात एजीआरपीचा आवाज चढतो. दाहात इंटरल्युकिन-१ पीओएमसी पेशींना चेतवतं, त्यामुळे पोट रिकामं असूनही ‘पुरे’चाच गजर चालू राहतो. दोन दिवस न जेवलेला माणूस ताटाकडे बघतही नाही, ते यामुळे.

हे पहिलं दार. दुसरं मेंदूस्तंभात आहे. एरिया पोस्ट्रेमा या भागात रक्त-मेंदू अडथळा सैल असतो, म्हणून रक्तातले रेणू तिथे थेट पोहोचतात. आजारलेल्या, ताण पडलेल्या पेशी जीडीएफ-१५ नावाचं प्रथिन सोडतात. त्याचा जीएफआरएएल हा रिसेप्टर याच परिसरात सापडतो. तो २०१७ मध्ये ओळखला गेला. इथून येणारी भावना साध्या ‘भूक नाही’पेक्षा वेगळी असते. मळमळ होते, वास नकोसा वाटतो, फोडणीचा दरवळ आला तरी पोटात ढवळतं. पोटातून येणारी व्हेगस नस याच भागात येऊन मिळते. तिथून निरोप पॅराब्रेकियल केंद्रातल्या सीजीआरपी पेशींकडे जातो, आणि त्या पेटल्या की प्राणी समोरचं अन्न सोडून देतो.

तिसरं दार पोटाचंच. दाहात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन कमी होतं. दोन घास खाल्ल्यावर ‘तड लागली’ म्हणणारा रुग्ण नखरे करत नसतो, त्याचं पोट खरंच भरलेलं असतं.

चौथ्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि शुश्रूषेत तेच सर्वांत उपयोगी आहे. सायटोकाइन्समुळे मेंदूतल्या डोपामिनच्या मार्गाची धार कमी होते. चव कळते, पण उठून जाऊन, मागून, कष्ट करून अन्न मिळवायची ओढ उरत नाही. म्हणून ‘काही हवं का?’ या प्रश्नाला तापातला माणूस ‘नको’ म्हणतो, आणि तोंडाशी चमचा नेला तर चार चमचे पेज घेतो. मुलींना सांगा, विचारू नका, थोडंसं घेऊन जा.

या चारांत पीजीई-२ चा हात आहेच. मायक्रोसोमल पीजीई सिंथेज-१ नसलेले उंदीर इंटरल्युकिन-१ टोचल्यावर इतरांहून जास्त खातात. पण जीडीएफ-१५, व्हेगस, मंदावलेलं जठर हे बरंचसं त्याच्याशिवायही चालतं. गोळीने एक धागा सुटतो, बाकीचे ताणलेलेच राहतात. आणि गोळी सायटोकाइन्सना हात लावत नाही. ती सुटतच असतात. चार-सहा तासांनी गोळी ओसरली की ताप पुन्हा चढतो, तोही याचमुळे.

एक बारकावा मला फार आवडतो. भूक मारणारा अल्फा-एमएसएच ताप आवरण्याचंही काम करतो. उंदरांमध्ये मेलॅनोकॉर्टिनचे रिसेप्टर, म्हणजे अल्फा-एमएसएच जिथे बसतो त्या जागा, अडवले की दाहातही भूक बऱ्यापैकी टिकते, पण ताप जास्त चढतो. म्हणजे एकच रेणू एका हाताने ताट बाजूला सारतो आणि दुसऱ्या हाताने ताप ताब्यात ठेवतो. ताप सहसा ४१ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जात नाही, त्यामागे असे आतले लगाम आहेत. व्हॅसोप्रेसिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्सही त्यांतलीच.

२०२२ मध्ये उंदरांवरच्या दोन वेगवेगळ्या कामांत आजारपणाच्या पेशी थेट सापडल्या. एक गट प्रीऑप्टिक भागाच्या तळाशी आहे. तो ताप, उबेची ओढ आणि भूक जाणं या तिन्ही गोष्टी घडवतो. दुसरा मेंदूस्तंभात, एरिया पोस्ट्रेमाच्या आसपास. त्या पेशी कृत्रिमपणे चेतवल्या तर निरोगी उंदीरही खाणं-पिणं सोडून कोपऱ्यात बसतो. तेव्हा ‘अन्नावरची वासना उडाली’ ही रुग्णाची तक्रार म्हणजे मेंदूने सोडलेला हुकूमच आहे. त्यासाठी रुग्णाला रागावू नये.

---

रानजाई

गवतीचहा ताई, सांजवात दादा, मनापासून आभार. ‘विचारू नका, घेऊन जा’ हे तर फळ्यावरच लिहिणार आहे.

मग भूक जावी हा मेंदूचा हुकूम असेल, तर तो पाळावा का? म्हणजे लंघन बरोबर? आणि औषधाच्या मात्रा राहिल्या. लहान मुलांच्या सिरपमध्ये मुलींचा फार गोंधळ होतो.

---

कृष्णाकाठ

मी औषध आणि आहार दोन्ही घेतो.

आधी सिरप, कारण तिथल्या चुकीने यकृत जातं. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. मुलांत दर खेपेला किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर नाही. आपल्या दुकानांत तीन ताकदी सर्रास मिळतात: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्यांचे थेंब, ज्यात १ मिलीतच १०० मिलिग्रॅम.

१२ किलोचं मूल धरा. मात्रा १८० मिलिग्रॅम. १२० वाल्या सिरपचे ७.५ मिली, २५० वाल्याचे ३.६ मिली, थेंबांचे १.८ मिली. आता चूक कशी होते बघा. मागच्या आजारात ‘साडेसात मिली द्या’ असं सांगितलेलं आईच्या लक्षात आहे. या वेळी घरात २५० वालं सिरप आलं. साडेसात मिलीत ३७५ मिलिग्रॅम गेलं, दुपटीहून जास्त. तेच थेंबांच्या बाटलीतून गेलं तर ७५० मिलिग्रॅम, चौपटीहून अधिक. म्हणून चिठ्ठीवर ‘मिली’ एकटं लिहू नये. मिलिग्रॅम, सिरपची ताकद आणि मिली, तिन्ही लिहायचं. मोजायला बाटलीसोबतचं माप किंवा सुई काढलेली सिरिंज. घरातला चहाचा चमचा नको, प्रत्येक घरात तो वेगळ्या मापाचा असतो.

मोठ्यांत ५०० ते १००० मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. वजन ५० किलोच्या खाली असेल, रोज दारू असेल, यकृत आधीच बिघडलेलं असेल किंवा चार-पाच दिवस पोटात अन्न नसेल तर यापेक्षा बरंच कमी, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. याचं कारण तुमच्या विषयाशीच जोडलेलं आहे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात नापक्वी नावाच्या विषारी पदार्थात बदलतो. त्याला निकामी करणारं ग्लुटाथायोन उपाशी माणसात घटलेलं असतं. भूक गेलेला रुग्ण आणि पूर्ण मात्रेचं पॅरासिटामॉल दिवसेंदिवस, ही जोडी धोक्याची. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरायचं.

आयबुप्रोफेन भुकेसाठी देऊ नये. कॉक्स अडवून भूक सुधारेल हा तर्क प्रयोगशाळेत अर्धवट खरा ठरतो. पण वॉर्डात जठराला त्रास होतो, आणि पाणी कमी पडलेल्या रुग्णात मूत्रपिंडावर ताण येतो. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन सगळी बंद, कारण रक्तस्राव वाढतो. पावसाळ्यात आपल्याकडे कुठल्याही नव्या तापात ही शंका धरूनच चालायचं. मुलांना अ‍ॅस्पिरिन तर एरवीही नाही.

औषध द्यायचं कधी? आकड्यासाठी नको, बेचैनीसाठी द्या. १०१ ताप असून मूल खेळत असेल तर गोळीची घाई नाही. तापातल्या झटक्यांना ती रोखत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगायचं.

आता लंघन. १९७९ मध्ये मरे दांपत्याने लिस्टेरिया जंतूंनी आजारी उंदरांना नळीने बळेच खायला घातलं, तर मृत्यू वाढले. २०१६ मध्ये याच प्रश्नाची आणखी फोड झाली. जंतूंच्या विषाने आजारी उंदरांना ग्लुकोज दिलं तर ते दगावले, फ्लूच्या विषाणूने आजारी असलेल्यांना दिलं तर ते तगले. म्हणजे मेंदूचा हुकूम सगळ्या आजारांत सारखाच शहाणा नसतो. मी यातून दोनच गोष्टी घेतो: बळेच कोंबायचं नाही, आणि उपाशीही ठेवायचं नाही. हे उंदीर होते. कुपोषित मूल, म्हातारं माणूस, मधुमेहाचा रुग्ण यांच्यावर लंघनाचा प्रयोग करायची परवानगी हे निकाल देत नाहीत. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना जेवण गेलं तर साखर घसरू शकते, आणि तापाने चढूही शकते. ती दर ४ ते ६ तासांनी तपासायची.

लंघनाचा जुना अर्थही कोरडा उपास असा नव्हता. पेज, कढण, मऊ भात हा हलका आहार त्यातच मोडत असे, आणि तो आजच्या माहितीशी जुळतो. दाह असलेल्या उंदरांसमोर पिष्टमय, प्रथिनांचं आणि स्निग्ध अन्न वेगवेगळं ठेवलं तर त्यांचा कल पिष्टाकडे झुकतो. पहिल्या दिवशी मटणाच्या रश्शाचा आग्रह यासाठी चुकतो. तूप-तेल जठरात रेंगाळतं, आणि जठर आधीच मंद आहे.

माझी पद्धत अशी. पहिले दोन दिवस जेवण किती गेलं ते मोजत बसायचं नाही, पाणी किती गेलं ते मोजायचं. शरीराचं तापमान दर अंश सेल्सिअसने वाढलं की चयापचय १० ते १२ टक्क्यांनी वाढतो आणि श्वासा-त्वचेतून जाणारं पाणीही त्याच बेताने. दर दोन तासांनी अर्धी वाटी, म्हणजे ७५ ते १०० मिली, काहीतरी: मीठ घातलेली तांदळाची पेज, मुगाचं पातळ कढण, ताक, शहाळं. जुलाब किंवा उलट्या असतील तर ओआरएस, आणि ते पुडीवर लिहिलेल्या पाण्यातच. २१ ग्रॅमच्या पुडीला पूर्ण १ लिटर. पेल्यात अर्धी पुडी टाकून दाट द्रावण दिलं की सोडियम वाढतं, तहान वाढते, जुलाबही वाढू शकतात. लघवी दर ६ तासांत एकदा, फिकट रंगाची झाली तर पाणी पुरतंय.

तिसऱ्या दिवसापासून प्रथिनं, भूक असो वा नसो, छोट्या मापात. आजारात मेंदू भूक बंद करतो, पण स्नायू वितळणं बंद होत नाही. तिथली अमिनो आम्लं यकृत दाहाची प्रथिनं बनवायला ओढून घेतं. मऊ खिचडीत मुगाची डाळ तांदळाच्या बरोबरीने, अर्धी वाटी दही, एक उकडलेलं अंडं. मेतकूट-भात चवीला बरा, पण चमचाभर मेतकुटाने प्रथिनांची गरज भागत नाही. खायला देण्याची वेळ गोळीनंतर ४५ मिनिटं ते दीड तास. त्या वेळेत ताप आणि अंगदुखी उतरलेली असते. अन्न कोमट किंवा गार ठेवा, गरम वाफेचा वास मळमळ उठवतो. आधी चूळ भरायला लावा. कोरड्या, बुरशी आलेल्या जिभेवर काहीही कडूच लागतं.

---

सांजवात

कृष्णाकाठ यांच्या लिहिण्यात एक जोड देतो, कारण उन्हाळ्यात विदर्भातल्या वॉर्डांत हा घोटाळा होतो. उष्माघातात अंग ४० अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि माणूस बरळतो किंवा बेशुद्ध होतो. पण तिथे पीजीई-२ नसतं, नेम ३७ वरच असतो. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, एवढंच. म्हणून पॅरासिटामॉलचा तिथे काही उपयोग नाही, उलट तापून होरपळलेल्या यकृतावर भार पडतो. आणि वर मी ज्याला नको म्हटलं तेच तिथे करायचं: गार पाण्यात बसवणं, पाणी ओतून पंखा लावणं, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, ताबडतोब. ३९ च्या आसपास आलं की थांबायचं, नाहीतर खाली घसरत जातं. मुलींना दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवा. नेम वर गेलाय की नेम तिथेच आहे, हा फरक कळला की बाकी सगळं आपोआप ठरतं.

---

गवतीचहा

आणि वयस्कांचं. सत्तरीनंतर तापाची साखळी मंदावते. न्यूमोनिया असूनही ताप ९९.५ वर अडकलेला दिसतो. भुकेची दारं मात्र चालू असतात. त्यामुळे ‘आजोबा कालपासून जेवत नाहीत, थोडे गोंधळलेत’ एवढीच तक्रार आली तर तिला तापाइतकंच वजन द्यायचं. तोंडात ३७.८ अंश सेल्सिअस, किंवा त्यांच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाने जास्त, हा वयस्कांतला ताप समजायचा. काखेतलं तापमान तोंडापेक्षा अर्धा अंश कमी येतं, आणि चहा प्यायल्यावर २० मिनिटं तोंडात थर्मामीटर ठेवायचा नाही.

संधिवातासाठी टोसिलिझुमॅब चालू असलेल्या रुग्णांतही असंच. ते इंटरल्युकिन-६ चा रिसेप्टर अडवतं, त्यामुळे जंतुसंसर्ग असूनही ताप आणि सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) दोन्ही खाली राहू शकतात. तिथे ‘ताप नाही’ या शब्दांवर विसंबू नये.

---

रानजाई

तक्त्यावर आता तापमान, लघवी आणि पोटात गेलेलं अन्न असे तीन रकाने घेते. बरा होतोय हे कशावरून धरायचं? ताप उतरला म्हणजे झालं, असं मुली मानतात.

---

कृष्णाकाठ

डेंग्यूत तसं मानणं जिवावर बेततं. तिथे ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो आणि नेमका तेव्हाच रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपायचा काळ सुरू होतो. तो २४ ते ४८ तास चालतो. ताप ९८.६, नातेवाईक खूश, आणि रुग्णाचं पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, तो सुस्त आहे किंवा अस्वस्थ आहे, हात गार आहेत. यातलं एकही दिसलं तर डॉक्टरांना तत्काळ बोलवायचं. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतंय आणि प्लेटलेट्स पडताहेत का ते बघायचं. डेंग्यूच्या रुग्णाला घरी सोडताना भूक परतली का हेही बघतात, ते या कारणासाठी. ताप एका दाराने गेलेला असतो. भूक परतते तेव्हा सायटोकाइन्स खरोखर ओसरलेली असतात.

आणखी दोन गोष्टी. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे घरी थांबायचं नाही. आणि अंगावर पिणारं बाळ दूध सोडत असेल तर ताप नसला तरी तेच.

तक्त्यात चौथा रकाना घाला, गवतीचहा यांनी डोपामिनचं सांगितलं त्यावरून. ‘पोटात गेलेलं’ याचे दोन भाग करा: दिल्यावर घेतलं आणि मागून घेतलं. पहिल्या दिवसांत सगळ्या नोंदी पहिल्या भागात पडतील. ज्या पाळीत दुसऱ्या भागात पहिली नोंद येईल, मग ते लिंबाचं लोणचं मागितलं असेल किंवा कपभर चहा, ती वेळ लाल शाईने लिहायला सांगा आणि राउंडला डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा.